ती म्हणतेय

—नाही, नाही, तो दरवाजा आहे. गिअर उजव्या हाताला. उजव्या, अगं! हां, आता सापडला. हसतेस काय? हस, हस, बरंच आहे — आपल्याकडून आलेलं प्रत्येक माणूस पहिले काही दिवस दरवाजालाच गिअर टाकायला जातं. तिकडे वर्षानुवर्षं गाडी हाकलेले लोक असतात, घाटाबिटातून चालवलेले, आणि इथे माझ्या शेजारी बसले की डावा हात आपटतात दारावर. हाताला कोण सांगणार, बाबा रे, आता देश बदललाय म्हणून? डोक्याला सांगता येतं. डोकं शहाणं असतं, त्याला व्हिसा दाखवला की ते गप्प ऐकतं. पण हात, पाय, मान — ही मंडळी जुन्याच पत्त्यावर राहतात. — आरसा बघ. बघितलास? नुसती मान हलवू नकोस मला दाखवायला, खरंच बघ. मागे कोण आहे? पांढरी व्हॅन. बरोबर. तिला जाऊ दे. आता सोड क्लच, हळूच, अंड्यावर पाय ठेवल्यासारखा... सोड... हां! निघाली की नाही? आणि हॉर्नवरचा हात काढ बघू. इथे हॉर्न वाजवला की समोरच्याला वाटतं आपण त्याच्या खानदानाचा उद्धार केला. मी इतकी वर्षं शिकवतोय लोकांना, या गाडीचा हॉर्न कसा वाजतो ते मला आठवतसुद्धा नाही.

जरा बातम्या लावू? तुला त्रास होणार असेल तर नको. नाही ना? बरं. तुला अजून यांची भाषा सगळी कळत नसेल, मी सांगतो काय म्हणतोय ते. मला आवडतं सांगायला. बाकीचे विद्यार्थी कुठल्या कुठल्या देशांतले, त्यांच्याशी आपलं मोडकंतोडकं, डावीकडे, उजवीकडे, थांब, जा. तू आलीस आणि माझी जीभ सुटली बघ. — ऐक, मंत्र्याने राजीनामा दिला म्हणतोय. का, माहितीये? सरकारी गाडीतून घरचं कुत्रं डॉक्टरकडे नेलं. बस्स, एवढंच! आणि तो बिचारा कॅमेऱ्यासमोर उभा राहून माफी मागतोय, डोळ्यांत पाणी. मला सांग, एवढ्यासाठी कोणी खुर्ची सोडतं का? पण सोडतात इथे. मला आधी हसू यायचं, मग कौतुक वाटायला लागलं, आता नुसता कंटाळा येतो. खांबाला धक्का लागला तरी सॉरी म्हणणारी माणसं ही. आपल्याला वाटतं किती चांगली! चांगली आहेतच. पण तुम्ही त्यांच्या शेजारी वीस वर्षं राहा, सॉरी आणि थँक्यूच्या पुढे तिसरा शब्द निघेल तर शपथ. — दुसरा गिअर टाक. बघ, गाडी कुरकुरायला लागली. — आणि ही पुढची, नेहमीची: बाहेरून आलेले लोक फार झाले. निवडणूक जवळ आली की ही बातमी येतेच. गंमत सांगू का? मलाही आता तसंच वाटायला लागलंय. खरंच! परवा बसस्टॉपवर चारपाच पोरं मोठमोठ्याने बोलत होती, मी मनात म्हटलं, काय ही बाहेरची माणसं, रीतभात म्हणून नाही. आणि शेजारी उभी असलेली इथली बाई माझ्याकडे अशी बघतेय, की हे सगळे तुझेच ना? मी मान खाली घातली. काय करणार? यांच्यातला मी नाही आणि त्यांच्यातलाही राहिलो नाही.

हे मात्र ऐकण्यासारखं आहे, थांब. — गाडी नको थांबवू गं, तू चालव, मी म्हणतोय ऐक! — सगळ्या वस्तीतून आता तीसचाच वेग करणार. लोक चिडलेत. व्यापारी चिडलेत, टॅक्सीवाले चिडलेत, माझे विद्यार्थीसुद्धा म्हणतात, सर, तीसने काय गाडी चालवायची, त्यापेक्षा ढकलत नेऊ. मी म्हणतो करा! तीस कशाला, वीस करा. कुठे आग लागलीय? पाच मिनिटं उशिरा पोचलात कामावर तर काय आकाश कोसळणारे? आणि ज्याला घाई आहे त्याने — जाऊ दे. जाऊ दे, मी उगाच तापतो या विषयावर. तू बघ समोर. गोल चौक आलाय. डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपल्याकडे जो घुसेल तो राजा, इथे तसं नाही.

काय म्हणालीस? हो, हो, बातम्यांचा मला नादच आहे. पण तो माझा स्वतःचा नाही, आमच्या सासूबाईंचा आहे. म्हणजे असं — दर रविवारी आमचा फोन असतो तिकडे. आणि त्यांना या देशाची माझ्यापेक्षा जास्त माहिती! दिवसभर टीव्हीपाशी बसलेल्या असतात, दिसत काही नाही, डोळे गेलेत काचबिंदूने, पण एक कान अजून थोडा शाबूत आहे. मग रविवारी उलटतपासणी. तिकडे रेल्वेचा संप आहे म्हणे, मग ती कामावर कशी गेली? वादळ आलं म्हणे, तिची खिडकी नीट लागते ना? दवाखान्यातून माणसं कमी करतायत म्हणे, तिची नोकरी राहील ना? बायको आमची दवाखान्याच्या लॉन्ड्रीत आहे. चादरी, डॉक्टरांचे कपडे, सगळं तिच्या हाताखालून जातं. मग मला संपाची बातमी नीट ऐकून ठेवावी लागते. कुठल्या गाड्या बंद होत्या, कुठल्या चालू — नाहीतर म्हातारी पकडते. एकदा मी म्हणालो, ती ट्रामने गेली, तर म्हणतात कशा, ट्रामवालेही संपावर होते की हो! अशी वकील आहे. — काय? भेटायला? हो... ये ना. ये कधीतरी. पण हल्ली तिच्या ड्युटीचं काही खरं नसतं. आपण बघू. सरळच घे. पुढे शाळा आहे, वेग कमी कर, तिथे ते पट्टे आहेत, तिथे माणूस दिसला की—

थांब! थांब, थांब, थांब!

...

— मी दाबला ब्रेक. तू नाही, मी. माझ्या पायाखाली आहे ना दुसरा. तुझी काही चूक नव्हती. लागलं का कुठे? पट्टा बोचला असेल खांद्याला. माफ कर मला. तू बरोबर वेग कमी करत होतीस, मी बघत होतो, तू थांबलीच असतीस. आणि तो तर उतरलाही नव्हता रस्त्यावर, फूटपाथवरच उभा होता. तोच, टोपीवाला म्हातारा, गेला बघ, हात केला त्याने. पण तो तिकडे बघत होता. बघितलंस ना तू? गाड्या येतात इकडून आणि तो तिकडे बघत उभा. नवीन आला असेल. मुलाकडे राहायला वगैरे आला असेल कुठूनतरी. — मागचा वाजवतोय बघ हॉर्न. वाजव बाबा, वाजव.  हे बघ. असं कर, पुढून उजवीकडे घे, त्या फर्निचरच्या गोदामामागे मोठं पार्किंग आहे, सकाळचं रिकामं असतं. तिथे मी रिव्हर्स शिकवतो सगळ्यांना. तिथे जरा थांबू या. हो, इथेच. हां. न्यूट्रल. हँडब्रेक.

पाणी आहे का गं तुझ्याकडे? दे घोटभर.

— तुला वाटत असेल, हा माणूस काय शिकवणार गाडी, फूटपाथवरचा माणूस बघून जो ब्रेक दाबतो. मी असा नव्हतो. अजून नाही, एरवी नाही. आज जरा — आज सकाळीच मेव्हण्याचा फोन आला. बायकोचा भाऊ. आता परत करणारे तो, थोड्या वेळात, म्हणून मी फोन समोर लावून ठेवलाय. म्हणाला, भाऊजी, आईचं आता काही खरं नाही. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस. शुद्ध येते-जाते, आणि आली की एकच विचारते — ती का नाही आली? मी मरायला टेकले तरी माझी पोर का नाही आली? एवढी काय नोकरी, एवढा काय तो देश? आणि रुसून भिंतीकडे तोंड करते. मेव्हणा म्हणतो, मी परत फोन लावतो, तिच्या कानाशी धरतो, तुम्ही ठरवा काय सांगायचं ते. आणि ठेवून दिला. घरात बसवेना मला. तुझा तास रद्द केला असता तर दिवसभर त्या भिंतींकडेच बघत बसलो असतो, म्हणून आलो.

तिला पाठवलं का नाही म्हणतेस? अगं, कोणाला पाठवू? — दोन वर्षं होतील आता. नाहीये ती.

हो. मघाशी म्हणालो मी, लॉन्ड्रीत आहे. म्हणालो खरं. सवय झालीय तोंडाला. तू घाबरू नकोस, मला वेड लागलेलं नाही, मला माहीत आहे ती नाहीये. घरी गेलो की एकच कप विसळतो मी, मला माहीत नसेल? — सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं, त्यांचा हट्ट, की मला माझी लेक हवी उशाशी. मग ही गेली. महिनाभर राहिली. आईचे डोळे काही वाचले नाहीत, पण खूश होत्या दोघी. महिनाभर तिकडच्या रस्त्यांनी फिरली, बाजार, दवाखाना, माहेरची गल्ली. परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात दूध नव्हतं. मी दाढी करत होतो. म्हणाली, कोपऱ्यावरून घेऊन येते. आणि रस्ता ओलांडताना तिने उजवीकडे बघितलं. आधी उजवीकडे, जसं तिकडे बघतात. रस्ता रिकामा होता ना उजवीकडे. उतरली. वीस वर्षं राहिलेली बाई इथे! हजारदा ओलांडला असेल तो रस्ता. एका महिन्यात मान परत तिकडची झाली. मी मघाशी म्हटलं ना तुला, तो विनोद नव्हता.

आणि गाडीवालीची काही चूक नव्हती. शाळेत पोरं सोडून परत निघाली होती बिचारी. पोलिसांनी मला विचारलं, तुम्ही या धंद्यातले आहात, तुम्हाला काय वाटतं? मी खुणा बघितल्या रस्त्यावरच्या. वेग बरोबर होता, ब्रेक वेळेवर लावला होता, बाजू बरोबर होती. मी तेच सांगितलं. माझी विद्यार्थिनी असती तर मी पास केली असती तिला. पण तीसने येत असती तर — म्हणजे पन्नासची परवानगी होती, ती पन्नासनेच आली. नियमात. असं सगळं नियमात झालं. मला कोणावर रागावताही आलं नाही गं. माणसाला निदान रागवायला तरी कोणी हवं की नाही?

आता तूच सांग, हे त्या आईला कसं सांगायचं? ती पहिलं काय विचारणार? कशी गेली. आणि मी काय सांगू? की तुमच्याकडे येऊन गेली म्हणून गेली? तुमच्या गल्लीत बघतात तशी बघून गेली? मेव्हणा त्या दिवशी रडत म्हणाला, भाऊजी, आत्ता नको, डोळ्यांच्या धक्क्यातून तरी बाहेर येऊ दे, महिनाभराने सांगू. महिन्याचे झाले दोन, दोनाचे सहा. तो सांगायला धजेना आणि मला ते जमेना. — कसं निभावलं? सोपं होतं. तुला हसू येईल. हिचा आवाज आधीपासूनच बारीक, फोनवर आईला तो कधी कळायचाच नाही. हे नेहमीचंच होतं आमचं: ही शेजारी बसून बोलायची, आणि मी ओरडून पोचवायचो. माझा घसा हा असा, इतकी वर्षं इंजिनवर ओरडून तयार झालेला. आई, ती म्हणतेय तब्येत कशी आहे! आई, ती म्हणतेय औषध घेतलं का! रविवार रविवार असंच चालायचं. मग ही गेली, आणि पहिल्या रविवारी मेव्हण्याने फोन लावला, आई पलीकडून म्हणाल्या, आहेस का गं तिथे? मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि म्हणालो, ती म्हणतेय, आहे.

एवढंच. मग ते सुटेना. आणि खरं सांगू? आईसाठी, आईसाठी म्हणतो मी, पण पुढे पुढे आईसाठी नव्हतं ते. आठवडाभर मी जमवत राहायचो. संप झाला तर ती कशी गेली असती, पूर आला तर काय म्हणाली असती. मंत्र्याच्या कुत्र्याचं ऐकलं तेव्हा मघाशी माझ्या मनात पहिलं काय आलं, माहितीये? ती म्हणाली असती, बरं झालं, कुत्र्याला तरी डॉक्टर मिळाला! रविवारी हे सांगितलं की म्हातारी खुदकन हसणार. आणि फोनवर तिचं ते हसू ऐकलं की मला वाटायचं, आहे ही. आतल्या खोलीत आहे, केस विंचरतेय. दहा-पंधरा मिनिटं. आठवड्यातून तेवढी मला पुरायची. पुरायची म्हणजे काय, त्याच्यावर तर जगलो मी. आमचं मूलबाळ नाही. इथे हिला ओळखणारे लॉन्ड्रीतले चार जण, त्यांनी फुलं ठेवली, सॉरी म्हणाले, झालं. अख्ख्या जगात ती एकटी म्हातारी आहे जिच्यासाठी ही अजून सकाळी उठते, कामाला जाते, सर्दी होते तिला, बरी होते. त्या गेल्या की संपलं. मग कोणाला सांगू मी, ती म्हणतेय म्हणून?

रडू नकोस गं. तू कशाला रडतेस? — तिला गाडी यायची का म्हणतेस? तुला सांगायचंच राहिलं, त्यात एक गंमतही आहे. हिला गाडी येत नव्हती. मी जगाला शिकवली आणि बायको बसने. दोनदा बसली या सीटवर, दोन्ही वेळा भांडून उतरली, म्हणाली, तुम्ही विद्यार्थ्यांशी गोड बोलता आणि माझ्यावर खेकसता. सासूबाई मला सोडायच्या नाहीत त्यावरून — जावई दुनियेला गाडी शिकवतात आणि माझी पोर थंडीत बसची वाट बघते! मग गेल्या वर्षी, काय झालं कोणास ठाऊक, मी सांगून टाकलं, शिकतेय ती. खोटं बोलताना माणूस लोभी होतो बघ. दर रविवारी एक धडा. आज गोल चौक शिकली. आज चढावर गाडी मागे गेली, घाबरली. मला म्हणते ओरडू नका, आणि आई, मी ओरडत नाही आता, अगदी गोड बोलतो. आई म्हणाल्या, बघू, मी असेपर्यंत तरी पास होते का.

मेव्हण्याचं म्हणणं, आता खरं सांगू या. लेक आली नाही म्हणून रुसून जाण्यापेक्षा, लेक आधीच गेली हे कळून जाऊ दे. त्याचंही बरोबर आहे. तिला वाटतंय पोरीने पाठ फिरवली. हे मनात घेऊन जाणं — कोणत्याही आईच्या वाट्याला येऊ नये ते. पण दुसरं काय, तर शेवटच्या घटकेला पोटची पोर मेली हे ऐकायचं? आणि का मेली ते? ती विचारणार गं, तिला फसवता येत नाही, ट्रामचा संपसुद्धा तिच्या लक्षात राहतो. तू काय केलं असतंस? — सांगितलं असतंस? खरं? हं. तुझी आई धडधाकट आहे ना तिकडे? मग म्हणतेस. नाही, रागावलो नाही. कदाचित तुझंच बरोबर आहे. सांगतो. सांगून टाकतो, हो, तुझ्यासमोरच—

आला. आला बघ.

हॅलो. हां, बोला. आहे, आहे मी. शुद्धीवर आहेत? बरं. धरा कानाशी. ज्याने ऐकू येतं त्या. धरलात? — आई! आई, मी बोलतोय! मी, जावई! हो! हो आई. ऐकू येतंय ना? ...हो. ...नाही आई, असं कसं? असं कसं म्हणता तुम्ही, विसरेल कशी ती? आई, ऐका माझं. मला तुम्हाला एक सांगायचंय. ती — आई, ती—

— ती निघालीय!

हो! निघालीय तुमच्याकडे! आत्ताच! रजा मिळाली, हो, रात्रीच सांगितलं साहेबाने! आम्ही गाडीतच आहोत, विमानतळावर निघालोय— चालू कर. गाडी चालू कर गं. काही बोलू नकोस, नुसती चालू कर, पहिला टाक, फिरव इथेच, या पार्किंगमध्येच गोल गोल — आई, ऐका, हा आवाज येतोय का? थांबा, फोन पुढे धरतो... आला? इंजिन! कोण चालवतंय सांगा बघू! मी नाही! मी शेजारी बसलोय हात बांधून! तीच चालवतेय आई, तुमची लेक! पास झाली! हो, झाली, पहिल्या फटक्यात! ...हसताय? हसा, हसा. ...नाही, फोनवर नाही येणार, दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत तिचे, मीच सांगितलंय गाडी चालवताना फोन नाही म्हणून. पण ती ऐकतेय. सगळं ऐकतेय. ...ती? ती म्हणतेय — ती म्हणतेय, आई, मी येतेय. ती म्हणतेय, माझ्यावर रागावू नकोस. उशीर झाला मला, पण मी येतेय.

...काय? परत सांगा, आई. हो. हो, सांगतो तिला.

सावकाश चालव म्हणतायत.

...हो म्हणतेय, आई. सावकाशच चालवतेय. तुम्ही पडा आता. डोळे मिटा. आम्ही आलोच. — हां, मेव्हणे, बोला. झोपल्या? हसल्या? बरं. नाही, नाही, आता काही सांगू नका. तोंडातून काही काढू नका. हात धरून बसा त्यांचा, आणि विचारलंच तर सांगा, निघालीय. रागावलात का माझ्यावर? ...बरं. ठेवतो.

— थांबवलीस कशाला? चालव की. डोळे पूस आणि चालव, छान चालवत होतीस. वळणं बघ किती सफाईने घेतलीस, एकदाही दचकली नाही गाडी. आता तूच म्हणशील, खरं सांगणार होतात ना? सांगणारच होतो. तोंडापर्यंत आलं होतं. पण तू तशी बसली होतीस ना, दोन्ही हात वर धरून, मान ताठ, श्वास रोखून, ती त्या दोन वेळा बसली होती अगदी तशी, आणि मग माझं मलाच कळलं नाही मी काय बोलून गेलो. जन्मभर मी तिला या सीटवर टिकवू शकलो नाही. त्या कचऱ्याच्या डब्यापासून वळ. हां. गोदामाच्या भिंतीच्या कडेने. तुला उशीर होत असेल, पण आजचा तास जरा—

वाजतोय.

हो, दिसतंय मला नाव. तोच आहे. आत्ता तर ठेवला, इतक्यात कशाला परत करेल तो? — कळलं ना तुला? मलाही कळलं. नको, नको, तू हात लावू नकोस त्याला. मीही नाही लावणार. उचलला की त्याला सांगावं लागेल आणि मला ऐकावं लागेल, आणि मग त्या दोघीही — अगं, ब्रेकवरचा पाय काढ! थांबायचं नाही. दुसरा टाक. अजून एक फेरी घे, मोठी घे. वाजू दे त्याला. तू बोलू नकोस काही.

चालव.